लेझर माझ्या गालावर, चट्टे आईच्या

करणी, बाहेरचं, वाऱ्यातलं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. गुंजवण्यात वाढले. तिथे प्रत्येक ओढ्याला साती आसरा आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी बसलेलं असतंच. तरी नाही मानलं. त्याला कारणही होतं. मी नववीत असल्यापासून माझ्याबद्दल गावात हेच बोललं जायचं — 'पोराला बाहेरचं लागलंय, म्हणून बाईसारखं वागतंय.' माझ्यावरून लिंबं उतरवली गेली, अंगारे लावले गेले. म्हणजे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा तर आधी मी स्वतःच एक बाधा आहे हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून जे लिहितेय ते लिहायला मला जड जातंय. पण घडलंय, आणि माझ्यासोबत माझी बहीणही त्याला साक्षी आहे.

माझं नाव सारिका. जुनं नाव इथे लिहीत नाही. मी भोरमध्ये एका खोलीत भाड्याने राहते आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसते. वडील वारल्यावर, चार वर्षांपूर्वी, मी घरात सांगितलं की मी मुलगी आहे, तशीच राहणार. आई ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बॅग भरून पडवीत ठेवलेली होती आणि तिच्यावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. धाकटी बहीण लता भोंगवलीला दिली आहे, तिचा मात्र फोन येतो. ती मला कशानेच हाक मारत नाही. दादा म्हणवत नाही, ताई म्हणवत नाही. 'हे बघ' अशी सुरुवात करते.

हार्मोनच्या गोळ्या सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. बाकी बरंच बदललं, दाढी मात्र जशीच्या तशी. ज्यांना हे भोगावं लागत नाही त्यांना कसं सांगू... सकाळी सहाला दाढी करायची, हिरवट सावली झाकायला आधी नारिंगी लिपस्टिक चोळायची, तिच्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर. दुपारी चारपर्यंत खुंट वर येतातच. शेजारच्या मशीनवरच्या बायका बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, हनुवटीवर बघतात. मी उन्हाळ्यातसुद्धा तोंडाला स्कार्फ बांधून बसायचे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर कळलं, की भोरमधल्याच एका स्किन क्लिनिकमध्ये दर गुरुवारी लेझरचं मशीन येतं. मी नाव नोंदवलं. आदल्या रात्री गुळगुळीत दाढी करून, सकाळी काहीही न लावता, पहिल्यांदाच उघड्या चेहऱ्याने आत गेले. मशीन चालवणारी नसीम म्हणून भोरचीच मुलगी होती. तिने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या ताई, हितं पडा. लई घाबरू नका."

ताई. ती हे इतक्या सहज म्हणाली.

डोळ्यांवर काळा चष्मा आला. गालावर गार जेल. मग पहिला फटका. कुणी रबर ताणून सोडावं तसा, आणि त्याच्या टोकाला सुई असावी तसा. पाठोपाठ केस जळल्याचा वास. नसीमने उजव्या गालापासून सुरुवात केली, मग हनुवटी, मग वरचा ओठ. ओठाला मी अक्षरशः कॉटची कड धरली. डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं. ती म्हणायची, "झालं झालं, ओठाचंच जास्त लागतं."

डावा गाल राहिला होता आणि लाईट गेली. क्लिनिकच्या इन्व्हर्टरवर मशीन चालत नव्हतं. मी गालावर बर्फाची पिशवी धरून पडून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लाईट आली तेव्हा अकरा पस्तीस. मग डावा गाल झाला. पावणेबाराला मी बाहेर पडले. चेहरा लाल झालेला, बारीक पुरळ उठलेलं. पण खरं सांगते, स्टँडकडे चालताना मला खूप वर्षांनी वाटलं, की पुढे काहीतरी आहे.

सव्वाबाराला लताचा फोन आला.

"हे बघ, मी गुंजवण्यालाच हाय, भात झोडायला आले होते. आईला कायतरी झालंय."

"काय झालं?"

"अकराच्या सुमाराला खळ्यावर उभी होती. एकदम उजवा गाल धरून खाली बसली. म्हनली, कुनीतरी रबर मारतंय. आमाला वाटलं गांधीलमाशी. तर मग हनवटी धरली. मग वरचा ओठ. डोळ्यातनं घळाघळा पानी. आन सारखं म्हनत होती, केसं कुठं जळत्यात, बघा कुठं जळत्यात..."

मी स्टँडच्या बाकावर बसले होते. हातातला उसाच्या रसाचा ग्लास मी खाली ठेवला.

"मग?"

"मग थांबलं की. अर्धा घंटा कायच न्हाई. आमी म्हनलं गेलं आता. तिला च्या दिला, तवर परत सुरू! ह्या टायमाला डावा गाल."

मी लताला काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तिला तर मी लेझर करणार आहे हेही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी आईला मलम दिलं, भाताच्या कुसळाची ॲलर्जी म्हणून सांगितलं. ते मी घट्ट धरून ठेवलं. कुसळाची ॲलर्जी. योगायोग. उजवा गाल, हनुवटी, ओठ, मध्ये पंचवीस मिनिटं, मग डावा गाल — योगायोगच.

दहा-बारा दिवसांनी माझे दाढीचे केस गळायला लागले. तोंड धुताना तळहातावर काळे ठिपके यायचे. गालावर पहिल्यांदा मोकळी जागा दिसली. आरशासमोर उभी राहून मी त्या जागेवर बोट फिरवत बसायचे. आणि त्याच दिवसांत लता फोनवर म्हणाली, की मामांनी देवरुशी आणला होता. त्याने तांदूळ मांडून सांगितलं, 'लांबचं कुनी न्हाई, तुमच्या रगताचंच हाय.'

पाच आठवड्यांनी दुसरं सेशन होतं. चार दिवस आधी मी लताला फोन केला.

"गुरुवारी आईजवळ जाऊन बस. सकाळी दहापासून. का ते विचारू नको."

तेव्हा भात कधीच घरात आलं होतं, खळं मोकळं झालं होतं. ना कुसळ, ना पेंढा. जाऊ नये असंही वाटत होतं. पण गेले. मला खात्री करून घ्यायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते हवंही होतं. खोटं कशाला लिहू... आईला दुखेल हे माहीत असूनही मी त्या कॉटवर झोपले. या वेळी मी नसीमला म्हटलं, डाव्या गालापासून सुरू कर. ती म्हणाली, "कुठनं बी करू की ताई, काय फरक पडत न्हाई."

बाहेर आले आणि फोन लावला. लता रडत होती.

"तुला कसं माहीत होतं? आधी सांग, तुला कसं माहीत?"

"कुठून सुरू झालं?"

"डावीकडनं."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "रविवारी ये. तिला सांगावं लागंल. ती येड लागल्यागत झालीय."

चार वर्षांनी मी त्या रस्त्याने गेले. नसरापूरहून वेल्ह्याची एसटी, पुढे वडापची जीप. धरणाचं पाणी मागे हटलं होतं आणि आमच्या बुडालेल्या शेताचा बांध उघडा पडला होता. दुपारचे बारा वाजले असतील. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी स्कार्फ सोडला. तिच्या दोन्ही गालांवर, हनुवटीवर, ओठाच्या वर बारीक लाल ठिपके होते. माझ्यासारखेच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आई कितीतरी म्हातारी झाली होती.

लताने तिला सांगितलं, अडखळत, तिला जेवढं कळलं होतं तेवढं. आईने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजी ह्यो सगळा परताप तुजा व्हय?"

"आई, मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा खरंच माहीत नव्हतं."

"आन दुसऱ्यांदा?"

मी सोडलेल्या स्कार्फची घडी घालू लागले.

"दुसऱ्यांदा म्हाईत व्हतं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "किती बाकी हाय अजून?"

"सहा-सात वेळा तरी."

"बंद कर."

"नाही जमणार, आई."

"मी मेले तरी?"

"हे बंद केलं तर मी मरेन." हे मी ओरडून नाही बोलले, अगदी हळू बोलले. चार वर्षांत मी हे वाक्य हजार वेळा घोळवलं होतं. बाहेर आलं तेव्हा ते अगदीच लहान वाटलं.

आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. एकदा तिने हात उचलला. मला वाटलं माझ्या गालाला लावतेय. तिने स्वतःचाच गाल चाचपला. मग म्हणाली, "नऊ म्हैनं पोटात ठेवलं तवाच्या कळा म्या सोसल्या. त्या माज्या व्हत्या. ह्या म्या का सोसू? मला कुनी इच्यारलं व्हतं?"

ती उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मला वाटलं प्यायला पाणी आणलंय... मी हातसुद्धा पुढे केला. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, उजवा तळहात पसरला आणि तांब्यातलं पाणी त्यावरून धार धरून खाली सोडलं.

"आई, नगं!" लता ओरडली.

"सोडलं," आई म्हणाली. "तुज्या नावानं पानी सोडलं. आता तुजं दुखनं तुजं."

दार लागलं. लता माझ्यासोबत वडापच्या थांब्यापर्यंत चालत आली. वडाप आलं तेव्हा तिने माझा स्कार्फ नीट बांधून दिला, ऊन लागू नये म्हणून. तिला नसीमचं ऐकून मीच सांगितलं होतं की उन्हापासून जपायचं असतं.

तिसरं सेशन फेब्रुवारीत होतं. आदल्या आठवड्यात मी दोनदा नाव रद्द करायला फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. लता सकाळपासून आईजवळ होती. नसीमने या वेळी पॉवर वाढवली होती, आधीपेक्षा जास्त दुखलं. प्रत्येक फटक्याला मला खळ्यावर बसलेली आई दिसत होती. मी मनातल्या मनात तिची माफी मागत होते, ओठाची तर दहा वेळा मागितली. वीस-पंचवीस मिनिटांनी नसीम म्हणाली, "उठा ताई, झालं." बर्फाची पिशवी गालाला धरूनच मी लताला फोन केला.

"कशी आहे ती? फार झालं का?"

"हे बघ... कायच न्हाई झालं."

"म्हणजे?"

"म्हंजी कायच न्हाई. मी तिच्या तोंडाकडंच बघत बसले होते. तिनं पापड लाटलं, आता जेवती हाय." थोडं थांबून ती म्हणाली, "चांगलंच झालं की न्हाई?"

मी चांगलं झालं म्हटलं. फोन ठेवला आणि क्लिनिकच्या जिन्यात बसले. नसीम धावत आली, तिला वाटलं भाजलंय. तिने कोरफडीचं जेल लावलं, पाणी दिलं. मी तिला काय सांगणार होते? की आजपर्यंत मला वाटत होतं आईने मला चार वर्षांपूर्वीच टाकलं, आणि ते खरं नव्हतं? ते महिन्यापूर्वी झालं.

नंतर मी पुण्यात एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आईला आधीपासून त्वचेचा त्रास असेल, मनावर ताण असेल, बाकी तुम्ही जोडलं. असेलही. पण ताण घड्याळ बघून येत नाही, आणि लाईट गेली की थांबत नाही. एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं, की नाळ असते, कापली तरी असते. तेही मला पटत नाही, कारण मग ती एका तांब्याभर पाण्याने कशी तुटली? सुरू का झालं याचा विचार मी आता सोडलाय. का थांबलं, याचं उत्तर मला माहीत आहे की काय अशी भीती वाटते, म्हणून तिकडेही जात नाही.

परवा आठवं सेशन झालं. हनुवटीवर थोडे पांढरे केस राहिलेत, ते लेझरला दिसत नाहीत म्हणे. बाकी चेहरा साफ आहे. कारखान्यात नवी आलेली एक बाई डोळ्यांत बघून बोलते. स्कार्फ मी अजून बांधते, सवय गेली नाही.

प्रत्येक वेळी झाल्यावर लताला फोन करते; त्या दिवशी ती आईजवळच असते. परवाही केला. तिकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"आज?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कायच न्हाई."