बोटावरचा आकडा

"हे यंत्र बाजूला ठेवून पाच मिनिटं बसता येईल का तुला?" कोल्हापूरच्या डॉक्टरांनी विचारलं.

मी हाताकडे बघितलं. तर्जनीला ऑक्सिमीटर लावलेला होता. केबिनमध्ये येताना तो कधी लावला, मला कळलंही नव्हतं. ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला चिमट्यासारखं लावायचं छोटं यंत्र. रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके त्यात दिसतात. कोविडमध्ये ते घरोघरी आलं आणि नंतर घरोघरी कपाटात गेलं. माझ्या बोटावर ते राहून गेलं.

मी ते काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर माझी फाइल चाळत राहिले आणि मी त्या यंत्राकडे बघत राहिले. पाच मिनिटं व्हायच्या आधीच माझा हात पुढे गेला. डॉक्टरांनी फाइल मिटली.

"पॅनिक डिसऑर्डर," ते म्हणाले. म्हणजे काहीही धोका नसताना शरीर एकदम जिवावर बेतल्यासारखं वागतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असं वाटतं. आणि पुढचा झटका कधी येईल या भीतीनं माणूस एकेक जागा सोडत जातो. "हृदय चांगलं आहे तुझं. फुप्फुसंही. घाबरण्याची सवय लागलीय शरीराला. ती मोडता येते."

मला हलकं वाटलं. त्या दिवशी मी रडले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण असं नाव कानावर पडलं की सगळं संपलं असं वाटत असेल कुणाला, तर तसं नसतं. नाव मिळालं म्हणजे काय करायचं ते ठरवता येतं.

आईचा पहिला प्रश्न मात्र वेगळा होता. "डॉक्टर, हे कॉलेजात कळवावं लागतं का?"

*

माझं बीएस्सीचं पहिलं वर्ष मोबाइलवर सुरू झालं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. मी मुळात कमी बोलणारी. वर्गात माझा चेहरा नव्हता, जांभळ्या गोलात इंग्रजी 'एम' होतं. प्रश्न विचारला तर चॅटमध्ये उत्तर टाइप करायचं. कॅमेरा का बंद म्हटलं तर रत्नागिरीत आमच्या मांडवीला नेटवर्क नाही म्हणायचं. बुरेटमधून, म्हणजे काचेच्या मापनळीतून, द्रावण थेंब थेंब सोडून टायट्रेशन कसं करतात, ते आम्ही व्हिडिओत बघितलं. बुरेट हातात घेतली नाही.

बाबा तेव्हा बोटीवर होते. ते मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहेत. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, पण कुठलंच बंदर माणसं उतरवून घेत नव्हतं. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि पहिला शब्द असायचा, "किती?"

आई आणि मी आळीपाळीनं बोट घालून आकडा सांगायचो. "अठ्ठ्याण्णव." "सत्त्याण्णव." मग ते मोठा श्वास सोडायचे आणि बाकीचं बोलायचे. जन्मभर इंजिनरूममध्ये गेज बघून काढलेल्या माणसाला 'आम्ही बऱ्या आहोत' हे वाक्य पुरत नाही. त्याला आकडा लागतो. आमच्या घरात प्रेम असं चालायचं आणि त्या दिवसांत त्यानं आम्हाला तारलं. नंतर बाबा घरी आले, परत गेले. "किती?" मात्र राहिलं.

जवळजवळ दोन वर्षांनी कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी मला रीडिंग मोठ्यानं सांगायला सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले. मला आकडा दिसत होता, पण आवाज येईना. मग छाती इतकी धडधडली की ती इतरांना ऐकू जाईल असं वाटलं. मी बाहेर पळाले आणि वॉशरूममध्ये बॅगेतला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव. श्वास परत आला.

मला वाटलं, औषध सापडलं. पुढे लेक्चरच्या आधी, जिन्यात, रिक्षात, जेवताना. बोट यंत्रात नसलं की चैन पडेना.

मग तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, थायरॉइड, छातीचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनं आई खूश व्हायची आणि मी घाबरायचे, कारण मग हे होतंय काय?

शेवटी सावर्ड्याला मामेबहिणीचं लग्न आलं. हौसेनं मी जवळजवळ काळं दिसणारं निळं नेलपॉलिश लावलं होतं. मांडवात ओळखीपाळखीच्या बायका "काय करतेस हल्ली?" विचारायला लागल्या तशी मी मागच्या खोलीत जाऊन यंत्र लावलं. शहाऐंशी! मी किंचाळलेच. वऱ्हाडाच्या गाडीतून मला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या बोटाकडे बघितलं, स्पिरिटच्या बोळ्यानं एकाच नखाचं पॉलिश पुसलं आणि त्यांचं यंत्र लावलं. नव्व्याण्णव.

"गडद पॉलिशमधून याचा उजेड नीट जात नाही," ते म्हणाले. "ऑक्सिजन भरपूर आहे. पण एवढ्यावरून तुम्ही इतक्या घाबरलात, त्याकडे बघायला हवं. सायकिअ‍ॅट्रिस्टना भेटा. मानसोपचारतज्ज्ञ."

शालूतली मामी दारात उभी होती. तिनं ऐकलं. आईनं ते बघितलं.

तोवर कॉलेजातली माझी हजेरी पार घसरली होती. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसले नाही तर वर्ष जाणार होतं. ते गेलं असतं तर मी परत त्या इमारतीत पाऊल टाकलं नसतं, हे मला आतून माहीत होतं.

*

रत्नागिरीत मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पण आमच्या आळीचा शिरस्ता असा की असल्या डॉक्टरकडे जायचं ते घाट चढून. ओळखीचं कुणी भेटायला नको. गाडीवाल्यालाही आईनं "अंबाबाईच्या दर्शनाला" असं सांगितलं होतं. आंबा घाटात ती लिंबू हुंगत मला बजावत होती, "कुणी विचारलं तर देवीला आलो होतो. काय?"

कोल्हापूरच्या वेटिंग रूमचं दार ढकललं तर समोरच्या खुर्चीत नलूकाकू. आमच्या शेजारच्या घरातल्या, आळीत सगळ्यांत मोठा आवाज असणाऱ्या.

आई दारातच थांबली. मग नलूकाकू म्हणाल्या, "भाचीला घेऊन आलेय हो." त्यांच्या आजूबाजूला भाची नव्हती. "आम्ही दर्शनाला आलो होतो," आई म्हणाली. जणू दवाखाना देवळाच्या वाटेवरच लागतो! पुढचा तासभर दोघी भिंतीवरचं एकच कॅलेंडर वाचत बसल्या.

माझं निदान झाल्यावर, बोललेलं खोटं ठरायला नको म्हणून आई मला खरंच देवळात घेऊन गेली. रांगेत आमच्या पुढेच नलूकाकू.

"अगोबाई, तुम्ही इथे!" त्या म्हणाल्या.

"अय्या, तुम्ही कधी आलात?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्याकडे प्रसादाचे लाडू देऊन आली. थोड्या वेळानं त्या आमच्याकडे प्रसादाचे लाडू देऊन गेल्या. एकाच देवळातले लाडू डायनिंग टेबलवर बघून मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. आईनं आधी डोळे वटारले, मग तीही हसायला लागली.

पुढच्या वेळी कोल्हापूरचे डॉक्टरच म्हणाले, "औषध मी देतो, पण हिला दर आठवड्याला थेरपी लागेल. रत्नागिरीत माझी विद्यार्थिनी प्रॅक्टिस करते. घाट कशाला चढता?" त्या बाईंचा दवाखाना भर बाजारात होता. आई दोन दिवस नुसती "बघू" म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी नलूकाकू कुंपणाशी आल्या. "तुम्हांला पण बाजारातल्या बाईंकडेच पाठवलंय ना?" त्यांनी विचारलं. "आमचे हे कोविडात गेले तेव्हापासून मला झोप नाही, वहिनी. भाची-बिची काही नाही. जाऊन जाऊन घाट झिजवला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो बायो, रिक्षा एकच करूया का?"

आम्ही एकच रिक्षा केली. आणि नलूकाकूंनी नाक्यावरून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तो अख्ख्या मांडवीला ऐकू जाईल असा.

*

उपचारांबद्दल थोडं. मला एसएसआरआय गटातली गोळी दिली होती. ती मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते. ती लगेच लागू पडत नाही, काही आठवडे जातात. सुरुवातीला मला मळमळायचं. बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसते.

दुसरी सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. म्हणजे विचार आणि सवय यांच्यातली गाठ हळूहळू सोडवणं. बाजारातल्या बाईंनी मला सांगितलं की ऑक्सिमीटर हीच माझी मुख्य अडचण आहे. त्याला त्यांनी 'सेफ्टी बिहेविअर' म्हटलं. सुरक्षित वाटावं म्हणून आपण जे करतो, तेच शरीराला सांगत राहतं की आपण सुरक्षित नाही.

"मांडवीची ना तू?" त्यांनी विचारलं. "भरतीचं पाणी कधी राहायला येतं का तुमच्याकडे?"

"उधाणाला अंगणात येतं, मॅडम."

त्या हसल्या. "बरं, येतं. मग?"

"मग जातं."

"तू मोजलंस म्हणून जातं?"

मग त्यांनी मला पायऱ्या लिहून दिल्या.

आधी घरातल्या घरात यंत्र कपाटात. मग ते न घेता किनाऱ्यापर्यंत. मग बॅगेत, पण सेल काढून. काही दिवस मी मागे गेले, वॉशरूममध्ये उसने सेल घालून मोजलंही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "पुन्हा त्याच पायरीपासून," एवढंच म्हणाल्या. वर्गात रोज एक वाक्य मोठ्यानं बोलायचं हाही गृहपाठ होता. माझं पहिलं वाक्य होतं, "सर, पंखा लावू का?" माझी प्रॅक्टिकलमधली जोडीदार सानिया वळून म्हणाली, "ए, तुला आवाज आहे? मी दोन वर्षं 'एम'शी बोलतेय."

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी मी ऑक्सिमीटर नलूकाकूंकडे नेऊन दिला. घरी ठेवला असता तर मी अर्ध्या वाटेतून परत आले असते. त्यांनी तो दोन बोटांत धरून उलटसुलट केला. "या एवढुशानं छळलंन होय? जा तू. मी याच्यावर नजर ठेवते."

टायट्रेशन नीट झालं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. दुसऱ्या प्रश्नाला ती धडधड आली. मुंग्या आल्या. बोटं आपोआप चिमटीसारखी वळली. मी हात टेबलावर सपाट ठेवला आणि म्हणाले, "सर, मला थोडा वेळ द्या. उत्तर येतंय मला."

ते म्हणाले, "घे की."

पाणी अंगणात आलं. मी उभी राहिले. ते कधी ओसरलं ते मला कळलं नाही, कारण तोवर मी बोलायला लागले होते. आवाज कापत होता. तिसऱ्या उत्तराला कमी कापला.

मी पास झाले. आता एमएस्सी करते आहे. गोळी डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केली. धडधड अजून कधीतरी येते. तिची आणि माझी ओळख आहे. आमच्या वयाच्या कितीतरी जणांची ती दोन वर्षं बंद खोलीत गेली आणि दार उघडल्यावर सगळ्यांना एकदम बाहेर पळता आलं नाही. तुम्ही अजून उंबऱ्यावर असाल, तर आपल्याच गावातल्या डॉक्टरकडे जा. ओळखीचं कुणी भेटलं तर बरंच आहे. रिक्षा एकच करता येते.

परीक्षेच्या त्या दिवशी घरी आले तेव्हा आई आणि नलूकाकू पायरीवर बसून होत्या. त्यांना काही सांगायच्या आधीच बाबांचा फोन आला. बोटीवरून आवाज नेहमी जरा उशिरा पोचतो.

"किती?"

"मोजलं नाही, बाबा."

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मग... कसं वाटतंय?"

"भूक लागलीय," मी म्हणाले.

"ऐकलंत?" पलीकडून नाही, पायरीवरून आवाज आला. नलूकाकू उठून उभ्या राहिल्या होत्या. "पोरीला भूक लागलीय. चला वहिनी, ताटं घ्या."

ऑक्सिमीटर अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.