थायलंडकर

कुणाच्या घरात पाऊल टाकलं की हा माणूस आधी माणसाकडं बघायचाच नाही. मान वर करून आढ्याकडं बघायचा. तुळईला काजळी किती धरलीय ते. मग खाली बघून विचारायचा, "बरे आहात ना?" आमच्या कसबा बावड्यात असल्या माणसाला पाणीसुद्धा विचारू नये. पण माझी बायको अक्काताई त्याला चहा द्यायची, कारण तो जन्मला तेव्हा तिनंच त्याला न्हाऊ घातलं होतं.

मी चौथी शिकलेला. साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला. अक्काताई गल्लीतल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायची. न्हाणं झालं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकायची आणि पोराला धुरी द्यायची. कुणाची छाती भरली तर ते पोर आमच्या मागच्या खोलीत यायचं. तिथल्या आढ्याला परातीएवढा काळा डाग आहे. या गड्याचा डोळा पहिल्यापासून त्या डागावर.

शिकून पोरांचा डॉक्टर झाला. इथं दवाखाना घालायचा सोडून थायलंडला गेला. तिकडच्या डोंगरातल्या गावांत पोरांच्या छात्या का भरतात, न्यूमोनिया धुरानं होतो का जंतूनं, हे शोधायला म्हणे. दर गणपतीला आईकडं यायचा. गल्लीनं नाव ठेवलं, थायलंडकर.

"लोक थायलंडला कशाला जात्यात, आणि ह्यो कशाला गेलाय बघा," शेजारचा बापू म्हणायचा. "पोरांचा शेंबूड गोळा कराय!"

त्यात खोटं काही नव्हतं. पोरांच्या नाकात काडी फिरवायची आणि ती बर्फात घालून शहरात धाडायची, हे तो स्वतःच कौतुकानं सांगायचा. ज्याचं त्याला कौतुक.

"मावशी, तिकडंही बाळंतिणीला विस्तवाजवळ निजवतात," तो अक्काताईला म्हणाला होता. "अगदी आपल्यासारखंच. दारं लावून."

"मग शाणी माणसं हायत की!"

"तेच तर आम्ही तपासतोय. त्या घरांतली मुलं जास्त आजारी पडतात का."

"पडत्यात का मग?"

"तसं ठाम सांगता येत नाही."

हे त्याचं पालुपद. पाऊस येईल का म्हटलं तरी हेच, आमटीत मीठ कमी झालंय का म्हटलं तरी हेच. इतकी वर्षं परमुलखात घालवून एवढंच शिकून आला. असला माणूस आमच्या बॉयलरवर ठेवला असता तर वाफ किती झाली ते ठाम सांगता येईना म्हणून पहिल्याच पाळीत सगळ्यांना घेऊन उडाला असता.

एका गणपतीत गल्लीतली शोभा आपलं तान्हं पोर घेऊन सकाळीच आली. छाती घरघरत होती. अक्काताईनं पोर मांडीवर घेतलं, निखाऱ्यावर ओवा टाकला. थायलंडकर चहा पीत बसला होता. कप ठेवून उठला आणि पोराचं झबलं वर करून बघितलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्यानं अक्काताईला विचारलं नाही, सांगितलं नाही. मांडीवरनं पोर उचललं. "दवाखान्यात चला. आत्ता," शोभाला म्हणाला, आणि वाटेतली शेगडी पायानं बाजूला सारली. पायानं! ज्या शेगडीला माझी बायको रोज हळदकुंकू लावायची, तिला.

पोर वाचलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, हसत घरी आलं. वाचलं ते चांगलंच झालं, मी काही कसाई नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडं पोरं येणं बंद झालं. कुणी भांडलं नाही. आमच्या दारावरनं जाताना बाया नुसतं पोराला पदराखाली घ्यायच्या. अक्काताई उंबऱ्यात बसून ते बघायची.

तिचा स्वतःचा खोकला जुना. पुढच्या वर्षी तो इतका वाढला की तिनं अंथरूण धरलं. फुफ्फुसं निकामी झालीत, असं दवाखान्यात सांगितलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. तिला दुसरंच लागून राहिलं होतं. गणपतीत थायलंडकर बघायला आला, आढं बघून झालं, मग ती दिसली. तिनं विचारलं.

"माझ्या मांडीवर एवढी पोरं न्हाली रं. माझ्या धुरीनं त्यातल्या कुणाचं वाईट झालं असंल का?"

मी त्याच्याकडं टक लावून बघत होतो. नाही म्हण, लेका. तुलाबी हिनंच धुरी दिलीय आणि घोड्यासारखा उभा हायस. एक शब्द, नाही.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी, एकेका मुलाचं तसं ठाम सांगता येत नाही."

मांडीवरचं पोर ओढायला ठाम होता. शेगडीला पाय लावायला ठाम होता. मरणाऱ्या बाईला एक शब्द द्यायचा म्हटल्यावर याचं शास्त्र आडवं आलं. दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "पावणं, आता परत येऊ नका." गल्लीतल्या पोराला मी परक्यासारखं पावणं म्हटलं. समजला तो. गेला त्याच्या थायलंडला.

अक्काताई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शेवटी एका दुपारी मी म्हणालो, "डाक्टरचा फोन आल्ता."

"काय म्हणाला?"

"समदं तपासून झालं म्हणं. तुझ्या धुरीनं एकाबी पोराचं वाईट झालेलं न्हाय."

ती वळली. "ठाम म्हणाला?"

"ठाम म्हणाला."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली. दम धरून म्हणाली, "मग त्यो आमचा डाक्टर न्हवंच. तुमचंच कायतरी." जरा वेळानं हळूच म्हणाली, "असू दे. आणि एकदा सांगा."

मी आणि एकदा सांगितलं. दिवाळी यायच्या आत ती गेली.

एवढा शिकलेला माणूस. त्याच्या नावावर एक खोटंसुद्धा खपलं नाही.

आता नात बाळंतपणाला माहेरी आलीय, बाळ झालंय. परवा सुनेनं मागच्या खोलीत ती शेगडी काढून ठेवली. अजून पेटवली नव्हती. "मामा, ओवा कुठं ठेवलाय? बाळाला धुरी द्यायची हाय."

माझी मान वर गेली. डाग तसाच आहे, मी कुणाला चुना लावू दिलेला नाही.

"नको," मी म्हणालो.

"का? आत्ती तर सगळ्यांस्नी देत हुत्या. त्यानं काय वाईट हुतंय का?"

मी वाकलो, दोन्ही हातांनी शेगडी उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली. हे काम हातांनीही करता येतं.