मधलं पान

बंकट कासारांना अक्षर येत नव्हतं. शिरूरसाठी पुस्तकं मात्र तेच निवडत.

मी पुण्याहून साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि गावच्या मराठी शाळेत शिकवत होतो. निजामी राज्यातलं फसली १३३७ चं साल होतं. आषाढी ते कार्तिकी रोज दिवेलागणीला मारुतीच्या देवळात बसून ऐकायचं, ही गावची रीत. आधी दरवर्षी एकच पोथी असे. बांगड्या विकायला बीडला गेलेल्या बंकटदादांनी तिथल्या वाचनालयाच्या ओट्यावर कुणाला तरी मोठ्यानं वाचताना ऐकलं. गावाला म्हणाले, पोथी आपल्याला पाठ आहे, आता दुसरं काही ऐकू. गावानं दोन वर्षं दिली. पटलं नाही तर पुन्हा पोथी. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. हे दुसरं.

निवडीला मी बीडला सोबत गेलो. त्यांना तीन पुस्तकं हवी होती. एक कादंबरी, एक प्रवासाचं, एक कामाचं.

"चार महिने एकच कालवण कसं खायाचं, मास्तर?"

मी कपाटातून एकेक पुस्तक काढायचं आणि मधलं पान वाचायचं. ते भिंतीला टेकून डोळे मिटत. बांगडीवर बांगडी वाजवून तडा ओळखताना त्यांचा चेहरा असाच होई.

"पुढं," ते म्हणाले.

"पान तरी पुरं होऊ द्या."

"हा मानूस सोताच्याच बोलन्यावर खूश हाय. पुढं."

ते पुस्तक मला परीक्षेला होतं. त्याच्यात काय खटकतं ते मला दोन वर्षं सांगता आलं नव्हतं. यांना चार ओळी पुरल्या. मी दुसरं पुस्तक काढलं.

"सुरवात काहून ऐकत न्हाई?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सुरवातीला समदेच नटूनथटून येत्यात. मधी कळतंय."

कामाचं पुस्तक पाण्याच्या शोधाविषयी होतं. मधल्या पानावर एक म्हातारा उंबराखाली जमिनीला कान लावून पडला होता, आणि सारं गाव श्वास रोखून उभं होतं. बंकटदादांनी डोळे उघडले. "हे घ्या."

वाचनालयाच्या कारकुनानं नियम सांगितला. वहीत गावाचं एकच नाव, पुस्तकं त्याच नावावर. पुस्तकं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत परत. उशीर झाला तर गावाचं नाव कायमचं कमी.

चूक माझीही होती. कामाचं आधी संपवू, कादंबरी शेवटी ठेवू, असं मीच सुचवलं. देवळाची दिवाबत्ती धुळाजी बघत. त्यांनी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पोथी एकदा लावली की पुरी झाल्याशिवाय उठवायची नाही, मध्ये दुसरी उघडायची नाही. हाच नेम त्यांनी या पुस्तकालाही लावला.

पुस्तक सहाशे चाळीस पानांचं होतं. उंबराखालचा म्हातारा त्यात एकाच पानावर होता. बाकी खडकाचे प्रकार, विहिरींची मापं आणि कोष्टकं. कोष्टकंसुद्धा आकड्याआकड्यानं वाचायची.

मी एकदा वीस पानं गाळली. धुळाजी खूण म्हणून पानात मोरपीस ठेवत.

"मास्तर, पीस काल इथं न्हवतं."

"धुळाजी, ते नुसते आकडे आहेत."

"देवाचं नाव बी हजारदा तेच असतंय. वाचा."

मी वाचलं. पोळ्यापर्यंत चाळिसांचे नऊ ऐकणारे राहिले. बंकटदादा बांगड्या भरायला बसले की बाया विचारत, "आज कोन्ता दगड हो, बंकटभाऊ?" ते मान वर करत नसत. दसऱ्याला पुस्तक निम्म्यावर होतं. कादंबरी फडक्यात तशीच बांधलेली.

त्या दिवशी बंकटदादा धुळाजींकडे गेले.

"ऐकायला गावच पायजे का एक मानूस चालंल?"

"एक चालंल. पन ऐकलं पायजे बे, झोपायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी आणि ते देवळात बसायचो, दिवे लागेपर्यंत. दिवाळी तोंडावर आली होती. बांगड्यांचे हेच दिवस. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन खेड्यापाड्यांनी एकट्याच फिरल्या. जाताना देवळापाशी थांबत.

"मास्तर, आमच्या मालकास्नी इचारा, इहीर कुटं खांदायची ठरली?"

बंकटदादा हसत नव्हते. आकडे ऐकताना त्यांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. एकदा मला म्हणाले, "एक पान ऐकून सहाशे पानांची हमी घेतली मी. कुन्या कासारानं असं केलं तर त्याला दारात उभं करू नये."

भाऊबीजेला पुस्तक संपलं. धुळाजींनी आरती केली. प्रवासाचं पुस्तक तसंच बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कादंबरीचा नारळ फुटला. तेरा दिवस उरले होते, आणि पुस्तक मोठं होतं.

तिसऱ्या दिवशी वीस माणसं आली. आठवड्यानं देवळात जागा उरेना, बाया ओट्याखाली बसू लागल्या. मी थांबलो की कुणी तरी खोकून पुढं चालायची खूण करी. पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा एक तृतीयांश बाकी होतं.

बंकटदादा बाकीची दोन पुस्तकं घेऊन चालत बीडला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. धूळभरल्या पायांनीच मला शाळेच्या मागं नेलं.

"सात दिवस मागितले. त्यानं नियमाचा कागद दाखवला. मला वाचता येत न्हाई म्हनलं, तर त्यानं वाचून दाखवला."

"मग आजच पुस्तक परत पाठवू. पुढच्या वर्षी हेच आणू, पुढचं वाचू."

"अर्ध्यावर?"

"गावाला सांगा. समजतील लोक."

"समजतील. आन् आज ऐकायचं सोडून माझ्याकडं बघत बसतील." ते उठले. "चला, दिवा लागला."

मी वाचलं. सहा दिवस आणखी वाचलं. शेवटच्या दिवशी एक म्हातारी मोठ्यानं रडली आणि तिला कुणी गप्प केलं नाही. धुळाजींनी पुस्तक फडक्यात बांधलं आणि बंकटदादांच्या हातात दिलं.

"पुढच्या साली दोन आन बे. असलीच. ते दगडाचं नको."

"बघू," बंकटदादा म्हणाले.

लोक भोवती जमले होते. कुणाला राजाची गोष्ट हवी होती, कुणाला चोराची. ते प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होते, मान हलवत होते. मला तिथं उभं राहवेना.

पुस्तक पोहोचवायला दुसऱ्या दिवशी मीच गेलो. कारकुनानं ते तपासलं, वहीत शिरूर शोधलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. ती मारायला त्याला एक क्षणही लागला नाही.