खिडकीतले दाणीबाबू

शशिकलानं त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते सुरुचीच्या प्रवेशाच्या दिवशी. कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला एक जाळीची खिडकी होती आणि तिच्यावर ‘छात्रवृत्ति शाखा’ अशी पाटी. आत एक सडपातळ गृहस्थ मान खाली घालून लिहीत बसले होते. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. शशिकला लेकीच्या कानाशी लागून म्हणाली, “बघ गं, एवढ्या मोठ्या कॉलेजात नोकरी आणि चष्म्याला दोरा!”

खिडकीतला हात थांबला. हळूच कानाकडे गेला, दोरा केसांत सारला आणि पुन्हा कागदावर आला.

शशिकलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरून ती म्हणाली, “अगंबाई, तुम्ही मराठी का? आम्ही मूळचे भुसावळचे...”

“बहनजी, फोटो के पीछे बिटिया का नाम लिख दीजिए,” ते म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

बाजूच्या दारावर नाव होतं, गोपीनाथ दाणी. भोपाळमध्ये मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारतो, मग आडनावावरून दूरचं का होईना नातं शोधतो, आणि निघताना घरी यायचं आमंत्रण देतो. या माणसानं साधी ओळखही दाखवू नये? शशिकलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

तिचा नवरा नितीन कारखान्यात ठेकेदाराकडे तंत्रज्ञ होता. काम कधी असे, कधी नसे. अवधपुरीतल्या घरात शशिकला साड्यांना फॉल-पिको करून हातभार लावी. सुरुची शिकत होती ती कॉलेजच्या ट्रस्टनं दिलेल्या फी-सवलतीवर. ही सवलत एकदा मिळाली म्हणजे मिळाली असं नव्हतं, दरवर्षी तिचं नूतनीकरण करावं लागे. त्याचा फॉर्म फक्त दाणीबाबूंच्या खिडकीत मिळायचा. तो भरायचा, विभागप्रमुखांची सही घ्यायची आणि मुदतीच्या आत परत द्यायचा. मुदत चुकली की सवलत गेली, आणि सवलत गेली की सुरुचीचं कॉलेज गेलं. नितीननं तसं स्वच्छ सांगून ठेवलं होतं. लेकीवर त्याचा जीव होता, पण पुढच्या वर्षाची फी कुठून आणायची याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

दाणीबाबूंची वाटपाची एक पद्धत होती. सकाळी मुलांनी आपापली ओळखपत्रं खिडकीत सारायची. ते आलेल्या क्रमानं त्यांचा ढीग करीत आणि वरून एकेक कार्ड उचलून नाव पुकारीत. प्रत्येक फॉर्मवर शिक्का मारून स्वतःच्या हातानं नाव लिहिल्याशिवाय तो बाहेर जात नसे, त्यामुळे एका सकाळी थोड्याच मुलांचा नंबर लागे. उरलेली कार्डं परत. दुसऱ्या दिवशी नवा ढीग.

पहिल्या वर्षी सुरुचीला फॉर्म मिळाला तो अगदी अखेरीस, आणि सगळी धावपळ करून जेमतेम वेळेत पोचला. तेव्हा शशिकलानं नशिबाला बोल लावला होता. या वर्षी मात्र लेक तीन दिवस रिकाम्या हातानं परत आली.

“मम्मी, मी आज सबसे पहले गेले होते,” सुरुची चप्पल भिरकावत म्हणाली. “कार्ड पहिलं माझं. तरीपण नंबर नाही आला. माझ्या मागच्या सगळ्यांना मिळाला.”

“असं कसं होईल?”

“तूच येऊन बघ ना. तो आशय आहे ना आमच्या क्लासमधला, त्याचंपण सेम. मराठी सरनेमवाले सगळे लटकलेत.”

शेजारच्या सुनंदाकाकू पिकोला दिलेली साडी न्यायला आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. “मी सांगते तुला. आमच्या गौरांगला यानंच रडवलं होतं. हा दाणी पूर्वी आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांच्या पुढे असायचा, आरतीचं तबक याच्याच हातात. एका वर्षी जो गायब झाला तो आजतागायत मंडळाच्या पायरीवर फिरकला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, शशी.”

“पण आमच्याशी काय वैर त्याचं?”

“वैर कशाला? त्याला काहीतरी हवं असणार. दुसऱ्यांकडे उघड मागता येत नाही, आपल्या माणसानं न सांगता समजून घ्यावं अशी अपेक्षा. तू भोळी आहेस.”

भोळी म्हटलेलं शशिकलाला सोसत नसे. दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर गेली. पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा होता. घेतो का बघू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. घेतला तर काम होईल, आणि माणूसही कळेल.

खिडकीशी जाऊन तिनं डबा जाळीखालून आत सरकवला. “घरचेच आहेत. गोड मानून घ्या.”

दाणीबाबू विंचू दिसल्यासारखे मागे सरले. “ये क्या है? उठाइए. बहनजी, पहले ये उठाइए यहाँ से!” आवाज इतका चढला की रांगेतली मुलं वळून पाहू लागली. त्यांनी पट्टीच्या टोकानं डबा बाहेर ढकलला. हातसुद्धा लावला नाही.

एक पोरगा मागून म्हणाला, “आंटी, हमें दे दो, हम मना नहीं करेंगे,” आणि सगळे हसले.

शशिकला तोंड लाल करून समोरच्या बाकावर जाऊन बसली. लाडू नकोत म्हणजे याला नक्की हवंय तरी काय? ती डोळ्यांत तेल घालून खिडकीकडे पाहत राहिली, आणि तिला ते दिसलं. सुरुचीचं निळ्या दोरीचं कार्ड सगळ्यांत वर होतं. दाणीबाबूंनी ते उचललं, नाव वाचलं, एकदा रांगेकडे नजर टाकली आणि पत्त्यांची गड्डी पिसावी तशा सराईत हातानं ते ढिगाच्या तळाशी सारलं. पाठोपाठ आशयचंही.

म्हणजे मुलीची तक्रार खरी होती. हे मुद्दाम चाललं होतं.

त्या सकाळी तिनं आणखी एक गोष्ट ऐकली. सुरुचीच्या विभागप्रमुख मॅडम दुसऱ्या दिवसापासून परीक्षेच्या कामासाठी ग्वाल्हेरला जाणार होत्या, त्या मुदत उलटल्यावरच परतणार. सही आज झाली तर झाली. आणि जेवणाची सुट्टी होताच खिडकीची फळी खाली आली. “बाकी कल,” आतून आवाज आला.

“मम्मी, चल ना,” सुरुची रडवेली झाली. “सगळे बघतायत.”

“बघू देत,” म्हणत शशिकला उठली, बाजूचं दार ढकलून सरळ आत गेली.

दाणीबाबू डबा उघडून बसले होते. पोळी, वांग्याची भाजी आणि कारळाची चटणी. चटणीकडे पाहून शशिकलाला उगाचच जास्त राग आला.

“दाणीसाहेब, माझ्या मुलीचं कार्ड तुम्ही खाली सारलंत. मी या डोळ्यांनी पाहिलं. आता हिंदीत बोलू नका माझ्याशी.”

“बहनजी, लंच के बाद...”

“आमचं काय चुकलं ते सांगा. आम्ही मराठी आहोत हे?”

दाणीबाबूंनी उठून दाराकडे पाहिलं, बोळात कुणी आहे का ते तपासलं, आणि मग फार दिवस न वापरलेलं काहीतरी बाहेर काढावं तसे मराठीत बोलले. “हळू बोला, ताई. होय, तेच.”

सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी साधा सोयीचा विचार केला होता. फॉर्म निघाले तेव्हा गणपतीचे दिवस होते, मराठी मुलं संध्याकाळी मंडळात भेटायचीच, म्हणून त्यांचे फॉर्म ते पिशवीत घालून आरतीला घेऊन गेले आणि प्रसादाबरोबर वाटले. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कुणीतरी वर तक्रार केली की हे बाबू आपल्या जातभाईंना घरपोच फॉर्म देतात आणि बाकीच्यांना रांगेत उभं करतात. चौकशी झाली. निघालं काहीच नाही. “पण पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक फॉर्ममागे लोक आडनाव वाचायचे. मला चहा पाजणारासुद्धा वाचायचा. तेव्हा ठरवलं, आपल्या माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी. कुणाला बोट दाखवायला जागा नको.”

“आणि हे खरं कशावरून मानू मी?” शशिकला म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. अशा गोष्टी रचून सांगणारे तिनं पाहिले होते.

“नका मानू,” दाणीबाबू म्हणाले. “माझी मधुरा याच कॉलेजात होती. तिला तर मी फॉर्मच दिला नाही. ती बसायची सवलतीत, नियमानं बसायची. आज तीही मानत नाही की बापानं असं केलं ते नाव राखायला.”

त्यांना वाटलं असावं की हिला हे ऐकून बरं वाटेल. पण ती म्हणाली, “याला मी चांगुलपणा म्हणणार नाही, दाणीसाहेब. नाव तुमचं राखलंत, पण किंमत पोरींनी मोजायची? मधुरेनं मोजली, आता माझ्या सुरुचीनं?”

त्यांनी घाईनं कपाटातून एक फॉर्म काढून तिच्यापुढे धरला. “घ्या. घेऊन जा पटकन.”

शशिकलानं हात पुढे केला आणि मागे घेतला. बंद दाराआड, जेवणाच्या सुट्टीत, मराठी बाबूकडून मराठी बाईला. उद्या कुणी हेच बोललं असतं.

“इथं नको,” ती म्हणाली. “खिडकी उघडा. मी बाहेर जाते. सगळ्यांसमोर नाव पुकारा.”

फळी वर झाली. बोळात रेंगाळलेली मुलं धावत आली. “सुरुची,” दाणीबाबूंनी पुकारलं. मघाचाच पोरगा लगेच म्हणाला, “सर, लंच में इनको? लड्डू का कमाल?”

हा माणूस आता घाबरून फळी पाडणार, अशी शशिकलाची खात्रीच होती.

“इनका कार्ड सुबह सबसे ऊपर था,” दाणीबाबू म्हणाले. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. “नीचे मैंने किया। चार दिन से कर रहा हूँ। गलती मेरी है। तुम भी अपना कार्ड दो, लंच आज नहीं होगा।”

पोरगा ओशाळून कार्ड काढू लागला. त्याच्या मागोमाग आशयला हाक गेली. सुरुचीनं जिन्यावर बसूनच फॉर्म भरला, मॅडम कॉलेजातून निघायच्या आत त्यांची सही आणली आणि दुपारी तो खिडकीत परत दिला.

शशिकला तरीही हलली नाही. पोचेवर शिक्का बसेपर्यंत ती जाळीला नाक लावून उभी होती. पुढे निकालाची यादी लागेपर्यंतही तिला धास्ती होती की हा माणूस मागाहून काहीतरी शेरा मारून ठेवील. सुनंदाकाकू तर अजून म्हणतात, “लाडू परत केले ना? मग काहीतरी आहेच.” यादीत सुरुचीचं नाव आलं, तेव्हा शशिकलानं ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा नावाच्या बाजूचा शेऱ्याचा रकानाही तपासला. तो कोरा होता.

सुरुची आता शेवटच्या वर्षाला आहे. खिडकीत कार्डं आली तशी पुकारली जातात, एवढं तीही कबूल करते. मराठी मुलांवर मेहरबानी होते असं म्हणणारी एक-दोन माणसं या वर्षी पुन्हा निघाली. दाणीबाबूंना ते कळलं, आणि काही दिवस त्यांना धड झोप लागली नाही, असं त्यांच्या बायकोनं मंडळात कुणालातरी सांगितलं.

गोपीनाथ दाणी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ते शाहपुऱ्याला भाड्याच्या घरात राहतात आणि सकाळी तळ्यावर फिरायला जातात. गुडघा दुखतो म्हणून अर्ध्या वाटेवरूनच परततात.