न उघडलेल्या कॅबिनेटमधला एसएमपीएस

भूतखेत, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वीस वर्षं देवळीत कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मशीन बंद पडलं की कारण असतंच, शोधावं लागतं एवढंच... या एका वेळी ते सापडलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझा गुन्हा सांगतो. माझा वर्गमित्र विलास आंजी मोठीला मास्तर आहे. दिवाळीत त्याच्या मुलीचा, पल्लवीचा, गेमिंग कॉम्प्युटर साफसफाईसाठी माझ्या दुकानात आला. त्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या मशीनचा एसएमपीएस — आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा — जळला. तसा भारीतला नागपूरहून यायला आठ दिवस लागणार, आणि घरी मुलाची कटकट. मी पल्लवीचा काढून त्याला लावला. तिच्या मशीनमध्ये एक लोकल बसवला, त्यावर मार्करनं "विलास, आंजी" लिहून. नवा आला की बदलून देऊ, असं मनाशी म्हटलं. बदलला नाही.

लोकल डब्यावर टायपिंग वगैरे चालतं. गेम सुरू झाला, ग्राफिक कार्डानं जास्त वीज ओढली, की मशीन ठप्प. विलासनं फोन केला तेव्हा मी म्हणालो, "पोरगी दिवसभर खेळते, म्हणून गरम होऊन बंद पडते." त्यानं पल्लवीवर हात उचलला. एकोणीस वर्षांच्या मुलीवर. हे त्यानंच मला सांगितलं... आणि तरी मी गप्प बसलो. एप्रिलमध्ये त्यानं मशीन दुकानात आणून टाकलं; दोन दिवस ठेवून मी ते न उघडताच परत दिलं.

मे महिन्यात आमच्या घरचं मशीन गेममध्ये बंद पडू लागलं. रॅम खोडरबरानं घासली, विंडोज नव्यानं टाकली, कार्ड काढून परत बसवलं. एसएमपीएस तर पल्लवीचा, भारीतला; त्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. सगळ्यात शेवटी तो बाहेर ओढला. त्यावर मार्करनं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं — "विलास, आंजी".

पल्लवीच्या मशीनमध्ये बसवलेला लोकल डबा!

रविवारी सकाळीच आंजी गाठली.

"काय जादू केली बे तुनं?" विलास दारातच हसला. "महिना झाला, एकदाही बंद नाई पडलं. मजेत खेळून राह्यली पोरगी."

कॅबिनेटच्या स्क्रूवर दिवाळीत मी लावलेलं सील तसंच होतं. वर माझी सही, तारीख. ते फाडून उघडलं... आत पल्लवीचा जुना, भारीतला एसएमपीएस.

तिथंच खाली बसून विलास-पल्लवी दोघांनाही सगळं सांगितलं. फोनवरच्या खोट्यासकट.

विलास म्हणाला, "चोरलं, लाज वाटली, गुपचूप परत लावून देल्लं. समजलो मी. वरून हे भूताचं काऊन सांगून राह्यला?"

"देवाशप्पथ, मी नाई लावला."

"अन् सील? दुकान तुह्यं, सही तुही!"

पल्लवी हळूच म्हणाली, "जाऊ द्या न बाबा. काकांनी परत तर केलं."

तो डबा कसा गेला, कसा आला, मला आजही सांगता येत नाही. विलास माझ्याशी पुन्हा बोलू लागलाय. चारचौघांत म्हणतो, "चुकला गडी, पण स्वतःहून सुधारला." मी सुरुवातीला नाही म्हणायचो. आता तेही म्हणत नाही.

तो एसएमपीएस मी परत केला नाही. करणारही नव्हतो.