नळीवाल्या बाई

रबरी नळी हातात घेतली की बाई स्वतःचा श्वास रोखून धरत. जालन्याच्या दवाखान्यातल्या त्या नर्स. सगळे त्यांना नळीवाल्या बाईच म्हणत. माझ्या चार वर्षांच्या शकूला घटसर्प झाला, दम कोंडला आणि डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन चांदीची नळी बसवली, तेव्हा आमची गाठ पडली.

त्या नळीत कफ साचे. तो वेळेवर ओढून काढला नाही, तर लेकरू गुदमरणार. बाई उकळून घेतलेली बारीक रबरी नळी अलगद आत सोडत, मी पायाने कफ ओढायचा पंप दाबी, आणि त्या ती फिरवत फिरवत बाहेर काढत. एकदा मी म्हणाले, "अजून थोडं ओढा ना, दिसतोय कफ." बाई नळी बाहेर काढतच राहिल्या. नळी बाहेर आल्यावर मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "कफासंगं तिची हवाबी ओढून राह्यलो आपण. माझा दम सरला म्हंजी तिचाबी सरला. आधी श्वास घेऊ द्या, मंग पुन्हा काढू."

वाटूरहून सासूबाई आल्या. नातीच्या गळ्याला भोक पाहून त्यांचा जीव तीळतीळ तुटला. आत वारं शिरेल म्हणून त्यांनी गळ्याभोवती फडकं गच्च बांधलं, आणि मी शहाणी, गाठ मारायला मदत केली! नळीमुळे शकूला आवाज नव्हता. ती नुसती पाय झाडत होती, ओठ निळे पडले होते. बाई धावत आल्या, फडकं ओढून काढलं. "आवो आजी, तेच नाक हाय तिचं आता! पंप दाबा, जल्दी!" शकू सावरली तशा सासूबाई हमसून रडू लागल्या. बाईंनी त्यांना जवळ घेतलं. "मायेनंच बांधलं तुम्ही. पण बिलकुल झाकायचं न्हाई." त्यानंतर सासूबाई खाटेशी अशा पहाऱ्याला बसल्या, की डॉक्टरांनाही हटकत.

नळी निघायच्या आदल्याच दिवशी बाईंची अंबडला बदली झाली. शकूच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझा आवाज ऐकायचा राह्यलाच की गं."

गळ्याची जखम भरली आणि शकू बोलू लागली. मला बाईंची फार आठवण येई, सख्ख्या बहिणीची यावी तशी. दोन महिन्यांनी शकूला घेऊन मी एस.टी.ने अंबड गाठलं. दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने हाक मारली, "बाईऽऽ!" आतून दुसरीच नर्स आली. बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. शकूला ते पटेना. ती हाका मारतच राहिली, आणि मी तिला थांबवलं नाही.