साऱ्या जगाचा वणवा आमच्या सासऱ्यांच्या अंगणात

जगात कुठेही वणवा पेटला तरी पहिला चटका शिरूर कासारजवळच्या आमच्या चुलत सासऱ्यांना बसतो. ग्रीसमधलं रान जळालं की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी घरचा जावई, पण माझ्यापुढे पाण्याच्या तांब्याआधी मोबाइल येतो. "पाव्हणं, सायबेरियात जमिनीखालचं जळतंय. बर्फात सुदिक विझत न्हाई. आता काय करावं?" जणू मी तिकडूनच येतोय. मेहुणीच्या लग्नात त्यांनी फटाके तर बंद पाडलेच, वर बिडी ओढणाऱ्या प्रत्येक वऱ्हाड्यामागे पाण्याची कळशी घेऊन फिरले. नवरदेवाचे मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

ही काळजी मूळची घरामागच्या डोंगराची. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि जाताना आपली गाई-शेरडं यांच्या दावणीला बांधून जातं. डोंगरावरचं वाळलं गवत जळालं, तर ती मुकी जनावरं उन्हाळ्यात खाणार काय? आणि शेजारचा मेंढपाळ तर दरसाल डोंगर पेटवायला टपलेला. जळाल्यावर गवत जोमानं फुटतं, ही त्याची पिढीजात खात्री. त्याला वळवायला सासऱ्यांनी ऑस्ट्रेलिया काढला. तिथले जुने लोक गारव्यात, दहिवर असताना, थोडं थोडंच जाळतात. मग उन्हाळ्यात मोठी आग पुढे सरकत नाही.

मेंढपाळानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग मी बी तेच करतो की, आण्णा. तुमी कावून आडवं येता?"

आण्णांनी मोबाइल खिशात घातला आणि अट घातली: सगळा डोंगर नाही, फक्त कड. शेवटी पौषातल्या एका सकाळी दोघांनी मिळून गवताच्या कडेनं एक पट्टा जाळला. काडी मेंढपाळानं ओढली. आण्णा ओलं गोणपाट छातीशी धरून, डोळे मिटून उभे. मी पोट धरून हसलो.

चैत्रात पलीकडच्या शिवारातून खराखुरा वणवा आला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तो त्या काळ्या पट्ट्यापर्यंत आला आणि तिथेच विझला. आण्णा मेंढपाळाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

पुढे लोक परतले, आपापली जनावरं सोडवून घेऊन गेले. मी गेलो तेव्हा दावण रिकामी होती आणि आण्णा मोबाइलवर कॅनडा बघत होते.

"पाव्हणं, तिकडं बी कुणी कुणापाशी शेरडं ठिवून गेलं आसंल का?"

"असेल," मी म्हणालो.

"मग त्या राखणाऱ्याला लई जड जात आसंल," ते म्हणाले, आणि रिकाम्या दावणीजवळ बाज ओढून बसून राहिले.